सुकवणी चोख, दावा मात्र दमट: जिवंत पेशींसाठी घेतलेल्या फ्रीज ड्रायरचे वर्षभरानंतरचे परीक्षण

आमच्या पेशी-संवर्धन प्रयोगशाळेने गेल्या वर्षी टेबलावर मावेल असा एक फ्रीज ड्रायर, म्हणजे माल गोठवून निर्वातात त्यातला बर्फ थेट वाफ करून उडवणारे यंत्र, घेतला. त्याच्यासोबत त्याच विक्रेत्याने सस्तन प्राण्यांच्या पेशी सुकवण्यासाठीचा म्हणून एक तयार संचही दिला, ज्यात ट्रेहॅलोज साखरेची पाकिटे, बफरची भुकटी, संरक्षक प्रथिनाची एक छोटी कुपी आणि बारा पानांची कार्यपद्धती होती. माहितीपत्रकात म्हटले होते की या जोडीने सुकवलेल्या पेशी खोलीच्या तापमानाला ठेवता येतात आणि पाणी घातल्यावर त्यांतील बहुसंख्य पेशी जिवंत निघतात. द्रव नायट्रोजनच्या टाकीवर ज्यांनी वर्षे काढली आहेत त्यांना हे वाक्य किती मोहात पाडते हे वेगळे सांगायला नको. उणे १९६ अंशांची ती टाकी दर आठवड्याला भरावी लागते, सुट्टीच्या दिवसांतही कोणीतरी येऊन पट्टी बुडवून पातळी पाहावी लागते, आणि एखाद्या वेळी भरायचे राहिले तर वीस वर्षांच्या पेशीरेषा, म्हणजे एकाच मूळ नमुन्यापासून वाढवत आणलेल्या पेशी, एका रात्रीत जातात. चिमूटभर पांढरी भुकटी कपाटात ठेवून हे सारे सुटणार असेल तर कोणाला नको आहे? यंत्र आणि संच या दोन्ही गोष्टी एकत्र विकल्या जात असल्या तरी त्यांचे परीक्षण मी वेगवेगळे करणार आहे, कारण दोघांची लायकी अगदी वेगळी निघाली.

आधी यंत्राविषयी. तीन फळ्या, प्रत्येक फळीला स्वतंत्र तापमान-नियंत्रण, निघालेली वाफ बर्फ करून पकडणारा, उणे ५५ अंशांपर्यंत जाणारा कंडेन्सर, तेलावर चालणारा निर्वात पंप आणि निर्वातातच बुचे दाबून कुप्या बंद करण्याची सोय, असा त्याचा थाट आहे. या शेवटच्या सोयीला मी विशेष गुण देतो. सुकलेल्या पेशींचे खरे शत्रू हवेतील ओलावा आणि प्राणवायू हे दोनच असतात, आणि दार उघडून कुप्या बाहेर काढून मग बुचे लावली तर दोघेही त्या अर्ध्या मिनिटात आत शिरतात. फळ्यांचे तापमानही मी वेगळ्या तापमापीने पडताळून पाहिले. पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत अर्ध्या अंशाहून अधिक तफावत दिसली नाही.

फळीच्या तापमानावर इतका भर देण्याचे कारण असे की ट्रेहॅलोजचे द्रावण गोठवले की पाण्याचा बर्फ वेगळा होतो आणि उरलेल्या पाण्यात साखर दाट होत जाऊन सुमारे उणे ३० अंशांना काचेसारखी घट्ट बनते. बर्फ उडून जात असताना मालाचे तापमान या रेषेच्या वर गेले तर ती काच मऊ पडते, सांगाडा कोसळतो, आणि पांढऱ्या सच्छिद्र वडीऐवजी कुपीच्या तळाशी चिकट, फुगलेला, पापुद्रा धरलेला गोळा उरतो. म्हणून आम्ही माल उणे ३५ अंशांच्या आसपास राहील अशा बेताने चालवतो. त्या तापमानाला बर्फाचा बाष्पदाब साधारण ०.२२ मिलिबार असतो, आणि कोठीतला दाब त्याच्या पाव भागाइतका, म्हणजे ०.०६ मिलिबारच्या जवळ ठेवला की सुकवणी रेंगाळतही नाही आणि माल तापतही नाही. उणे ५५ अंशांच्या कंडेन्सरला हा दाब सहज जमतो.

येथे एक दोष नोंदवतो, जो विकत घेण्याआधी आमच्याही लक्षात आला नव्हता. या यंत्रात दाब मोजायला फक्त पिरानी मापक आहे. पिरानी हा वायूच्या उष्णता वाहून नेण्यावरून दाब सांगतो, आणि त्याची मोजपट्टी हवेसाठी किंवा नायट्रोजनसाठी बसवलेली असते. कोठीत केवळ पाण्याची वाफ असेल तर तो खऱ्या दाबाच्या सुमारे १.६ पट आकडा दाखवतो. म्हणजे पडद्यावर ०.१० दिसत असते तेव्हा आत खरोखर ०.०६ असते. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, त्यामुळे पहिले दोन महिने आमचा खरा दाब हवा त्यापेक्षा बराच कमी होता आणि सुकवणीला इतका वेळ का लागतो याचे कोडे सुटत नव्हते. मोठ्या यंत्रांत पिरानीच्या जोडीला वायूच्या प्रकाराशी देणेघेणे नसलेला धारिता मापक असतो, आणि दोघांचे आकडे जुळले की बर्फ संपला असे समजते. या यंत्रात ती सोय नाही, पण वाफ संपत आली की पिरानीचा आकडा आपोआप खाली येतो, आणि तेवढ्यावर काम भागते. आम्ही आता तो आकडा दर पंधरा मिनिटांनी वहीत उतरवतो. यंत्राचा स्वयंचलित समाप्ती-संकेत मात्र बंदच ठेवावा. तो घाई करतो.

दुसरी तक्रार दाराची आहे. दार पारदर्शक आहे, दिसायला सुंदर आहे, आणि नेमक्या त्यामुळेच बाहेरची उष्णता आत येते. फळीच्या कडेच्या, विशेषतः दाराजवळच्या कुप्या मधल्या कुप्यांच्या काही तास आधी सुकतात. मधल्या कुपीतली वडी काचेला सर्व बाजूंनी चिकटून बसलेली, वरून सपाट आणि खडूसारखी कोरडी दिसते. दाराजवळच्या कुपीतली वडी मात्र काचेपासून सुटून आत आक्रसलेली, एका बाजूला तडकलेली असते, आणि कुपी उलटी केली की ती सुटी होऊन बुचावर आपटते. जिवाणूंच्या साठ्यासाठी हा फरक क्षुल्लक आहे. जनावराच्या पेशींच्या बाबतीत एकाच खेपेत दोन वेगळे प्रयोग झाल्यासारखे होते, म्हणून आम्ही कडेच्या रांगेत केवळ साखरेच्या द्रावणाच्या कुप्या ठेवतो आणि दाराला बाहेरून चकचकीत फॉइल लावतो.

एवढे सोडले तर वर्षभरात यंत्राने दगा दिलेला नाही. पंपाचे तेल वेळेवर बदलावे, गढूळ दिसू लागले की वेळापत्रकाची वाट पाहू नये, आणि दाराचे रबर दर खेपेआधी पुसावे. एखादा केस अडकला तरी निर्वात टिकत नाही.

आता संचाकडे वळतो, कारण हे परीक्षण लिहायला बसण्याचे खरे कारण तोच आहे. पेशी सुकते तेव्हा नेमके काय बिघडते हे संच बनवणाऱ्याला ठाऊक आहे यात शंका नाही. प्रश्न त्याने ते किती सोपे करून विकले याचा आहे. पेशीपटलातील स्निग्ध रेणूंच्या डोक्यांभोवती पाण्याचे रेणू असतात आणि ते रेणूंना एकमेकांपासून अंतरावर ठेवतात. ते पाणी गेले की रेणू दाटीने बसतात आणि पटल खोलीच्या तापमानालाच घट्ट जेलसारखे होते. प्रयोगात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका फॉस्फोलिपिडचे हे अवस्थांतर पाण्यात ४१ अंशांना होते, तर तेच सुकवले की १०० अंशांच्या पुढे जाते. पुन्हा पाणी मिळताना पटल घट्ट अवस्थेतून प्रवाही अवस्थेत परतते आणि त्या संक्रमणाच्या क्षणी ते गळके असते. ट्रेहॅलोज हे पाण्याची जागा घेऊन रेणूंमधले अंतर राखते, ही मांडणी जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केली, आणि या क्षेत्रातले जवळजवळ प्रत्येक मिश्रण आज तिच्यावर उभे आहे. ट्रेहॅलोजचा दुसरा गुण असा की सुकल्यावर त्याची काच होते आणि पूर्ण कोरड्या अवस्थेत ती १०० अंशांच्या वरपर्यंत टिकते. त्या काचेत रेणूंची हालचाल थिजल्यासारखी होते, त्यामुळे बिघाडाची प्रक्रियाही मंदावते. मात्र ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर हेच तापमान खोलीच्या तापमानापर्यंत उतरते आणि काच पुन्हा पाक होते.

साखर निवडण्यात संचाने चूक केलेली नाही. मात्र पटलाला दोन बाजू असतात आणि संरक्षण दोन्ही बाजूंना लागते. आणि ट्रेहॅलोज सस्तन प्राण्यांच्या पेशीत स्वतःहून शिरत नाही. आपल्या पेशींकडे ती साखर बनवण्याची सोय नाही आणि आत घेण्याचा स्वतंत्र दरवाजाही नाही. आफ्रिकेतील पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी या डासासारख्या किड्याची अळी खडकावरच्या डबक्यासोबत वाळून जाते आणि पाऊस पडला की पुन्हा वळवळू लागते, कारण वाळू लागताच तिचे शरीर स्वतः ट्रेहॅलोज तयार करते, इतके की कोरड्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याचाच असतो. तिच्यापासून काढलेली पेशीरेषा खोलीच्या तापमानाला आठ महिन्यांहून अधिक काळ सुकी राहून नंतर पुन्हा वाढली आहे. संचाच्या पुस्तिकेत या अळीचे रंगीत चित्र आहे. चित्राखाली एवढेच लिहायचे राहिले आहे की तुमच्या कुपीतल्या पेशी या अळीच्या नाहीत.

साखर आत नेण्यासाठी संशोधकांनी काय काय केले ते पाहिले की पुस्तिकेतले ‘माध्यमात मिसळून २४ तास ठेवा’ हे वाक्य किती अपुरे आहे ते कळते. २००० साली एका गटाने स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषापासून घडवलेली, जस्ताने बंद करता येणारी रंध्रे पेशीपटलात बसवून साखर आत सोडली. त्या पेशी गोठवण्यासाठी होत्या, सुकवण्यासाठी नव्हत्या. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने ट्रेहॅलोज बनवणारी दोन जिवाणू-जनुके मानवी त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये, म्हणजे आधार-ऊतीतल्या पेशींमध्ये, घातली आणि त्या पेशी सुकवून पाच दिवसांपर्यंत टिकवल्याचे सांगितले. पाच दिवस, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे त्या आफ्रिकी अळीचाच साखर-वाहक सस्तन पेशींमध्ये बसवून पाहण्यात आला. नुसते भिजत ठेवले तर पेशी द्रव गिळताना थोडी साखर आत घेतात, पण ती बहुतांशी पेशीतल्या छोट्या पिशव्यांमध्ये, म्हणजे पुटिकांमध्ये, अडकून राहते. पेशीद्रवात हवी तेवढी पोहोचत नाही.

यातही कार्यपद्धतीत दोन ढळढळीत उणिवा आहेत. पहिली पाकिटाची. त्यावर फक्त ‘ट्रेहॅलोज’ असे छापलेले आहे. ते निर्जल आहे की दोन पाण्याच्या रेणूंसह आहे याचा उल्लेख नाही. १०० मिलिलिटर ०.२ मोलर द्रावणासाठी निर्जल साखर ६.८५ ग्रॅम लागते आणि डायहायड्रेट ७.५७ ग्रॅम. पुस्तिकेत ६.८५ लिहिले आहे आणि पाकिटात, विक्रेत्याने तीन पत्रांनंतर कळवल्याप्रमाणे, डायहायड्रेट आहे. म्हणजे प्रत्येक द्रावण जवळपास दहा टक्क्यांनी पातळ. दुसरी उणीव याहून गंभीर आहे. ही साखर पूर्ण संवर्धन-माध्यमात विरघळवायला सांगितली आहे. माध्यमाचा परासरण-भार, म्हणजे विरघळलेल्या कणांमुळे पेशीतले पाणी बाहेर ओढण्याची त्याची ताकद, आधीच २९० मिलिऑस्मोलच्या घरात असतो, त्यात ०.२ मोलर ट्रेहॅलोज पडले की तो ४९० च्या पलीकडे जातो, आणि पेशी सुकवणीच्या आदल्या दिवसापासूनच आक्रसलेल्या राहतात. मीठ कमी करून हा भार समतोल ठेवणे ही या कामातली प्राथमिक गोष्ट आहे. आम्ही तसे माध्यम स्वतः बनवले तेव्हा सुकवणीआधीच होणारी पडझड लक्षणीय कमी झाली, पण मग संच कशासाठी घ्यायचा?

गोठवताना पेशींना जपणाऱ्या डीएमएसओ या द्रावकाविषयीही पुस्तिका गोंधळ घालते. ‘हवे असल्यास’ ते पाच टक्के मिसळावे असे सुचवते. द्रव नायट्रोजनसाठी ते उत्तम आहे. सुकवणीत मात्र ते पाण्याबरोबर नीट उडून जात नाही, मागे राहून दाट होत जाते आणि साखरेच्या काचेला मऊ पाडते. आम्ही एकदा घालून पाहिले आणि वडीऐवजी सरबताच्या तळाशी उरतो तसा लगदा मिळाला.

आता त्या बहुसंख्य जिवंत पेशींविषयी. आम्ही उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी संचाबरहुकूम सुकवल्या, ३७ अंशांचे माध्यम घालून ओल्या केल्या आणि ट्रिपॅन ब्लू हा पटल फाटलेल्या पेशीतच शिरणारा निळा रंग टाकून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. चित्र खरोखर आनंद देणारे होते. निम्म्याहून अधिक पेशी गोल, चमकदार कडा असलेल्या, निळा रंग आत न घेतलेल्या. आमच्या सहकाऱ्याने छायाचित्रही काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच थाळीत त्या पेशी तरंगत होत्या. तळाला चिकटून पाय पसरणारी, फायब्रोब्लास्टच्या ओळखीची लांबट पेशी शोधून शोधून दोनचार सापडली, आणि आठवड्याच्या शेवटी त्यांतलीही एकही विभागली नव्हती. निळा रंग आत शिरला नाही याचा अर्थ त्या घटकेला पटल फाटलेले नाही, एवढाच आहे. आत डीएनए तुटलेले असू शकते, तंतुकणिका निकामी झालेल्या असू शकतात, पेशीने स्वतःच्या मरणाची तयारी सुरू केलेली असू शकते. ते सारे उघड व्हायला दोन-तीन दिवस लागतात. एखाद्या घराची कडी शाबूत आहे म्हणून आत माणसे नांदत आहेत असे आपण म्हणत नाही.

मोजणीच्या वेळेइतकाच ओलाव्याचा प्रश्न आहे. संचाची कार्यपद्धती तंतोतंत पाळली तर दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे बर्फ गेल्यावर उरलेला ओलावा काढण्याची, सुकवणी इतकी आखूड आहे की आमच्या वड्यांमध्ये बराच ओलावा शिल्लक राहत होता. हे आम्ही वजन करून आणि नंतर पाण्याचे प्रमाण रासायनिक रीतीने मोजणाऱ्या कार्ल फिशर पद्धतीने तपासले. अर्धवट ओल्या पेशी चांगल्या जगतात यात नवल नाही, कारण त्या सुकलेल्याच नाहीत. पण तशी वडी कपाटात ठेवली की काचेचा पाक होतो आणि काही दिवसांत आत काही उरत नाही. सुकवणी पुढे रेटली की साठवण सुधारते आणि पेशी मरतात. या क्षेत्रातली सारी अडचण या अरुंद फटीत आहे, आणि माहितीपत्रकात तिच्याबद्दल अवाक्षर नाही. पेशी जगण्याचा आकडा देताना शिल्लक ओलावा किती, साठवण किती दिवस आणि मोजणी ओले केल्यानंतर किती तासांनी, या तीन गोष्टी सोबत नसतील तर तो आकडा छापण्यात काही अर्थ नाही.

गोठवणेच टाळून पाहावे म्हणून आम्ही फळी २० अंशांवर ठेवून नुसत्या निर्वातात सुकवण्याचाही प्रयोग केला. २० अंशांना पाणी २३ मिलिबारला उकळते; दाब जरा घाईने उतरवला आणि तीन कुप्यांतले द्रावण उसळून बुचाला लागले. हळूहळू उतरवले तेव्हा थेंबाच्या वरच साखरेची साय धरली, आतले पाणी अडकले, आणि एकाच थेंबात कडेच्या पेशी करकरीत कोरड्या तर मधल्या ओल्या राहिल्या. काचपट्टी वेगाने फिरवून द्रावणाचा पातळ, एकसारखा थर करून कोरड्या वायूच्या झोतात सुकवणे किंवा मायक्रोवेव्हच्या मंद मात्रेने पाणी काढणे हे मार्ग संशोधनात याच अडचणीसाठी निघाले आहेत. या यंत्रात ते बसत नाहीत, आणि तो यंत्राचा दोष म्हणता येणार नाही.

याच यंत्रावर काही कामे मात्र उत्तम होतात, आणि ज्यांना ती करायची आहेत त्यांनी ते जरूर घ्यावे. प्लेटलेट, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या बिंबिका, हे त्यातले पहिले. प्लेटलेटला केंद्रक नसते, तिला विभागायचे नसते, आणि ३७ अंशांना काही तास ठेवली की ती द्रव गिळत ट्रेहॅलोज बऱ्यापैकी आत घेते. २००१ साली क्रो यांच्या गटाने अशा प्लेटलेट गोठवून सुकवल्या आणि ओल्या केल्यावर सुमारे ८५ टक्के परत मिळाल्या. तसे करताना पाणी एकदम न ओतता आधी दमट हवेत वडीला हळूहळू ओल द्यायची असते, हे आमच्याकडेही फरक पाडून गेले. दुसरे काम शुक्राणूंचे. १९९८ साली वाकायामा आणि यानागिमाची यांनी गोठवून सुकवलेले उंदराचे शुक्राणू बीजांडात टोचून निरोगी पिल्ले मिळवली. पुढे असेच शुक्राणू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जवळपास सहा वर्षे राहून आले आणि त्यांपासूनही पिल्ले झाली. हे शुक्राणू पोहत नाहीत, रूढ अर्थाने ते मेलेलेच असतात. त्यांच्या केंद्रकातला मजकूर तेवढा वाचण्याजोगा राहतो. २०२२ साली सुकवलेल्या देहपेशींच्या केंद्रकांपासून उंदरांचे क्लोन तयार झाले तेही याच वाटेने, आणि यशाचे प्रमाण ०.२ ते ५.४ टक्के होते. जनुकीय वारसा जपणे आणि जिवंत पेशी जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. आमच्याच इमारतीतला एक गट या यंत्रावर पहिले काम समाधानाने करतो आहे.

तेव्हा यंत्राला पाचपैकी चार गुण. एक गुण पिरानी आणि दारासाठी कापला. संचाला एक, तोही प्रथिनाच्या कुपीसाठी, कारण ती शुद्ध होती आणि वेळेवर आली. नायट्रोजनची टाकी आमच्याकडे अजून आहे आणि दर सोमवारी भरली जाते.

विक्रेत्याला आम्ही वहीतल्या नोंदी, ओलाव्याचे आकडे आणि दुसऱ्या दिवशीच्या थाळीची छायाचित्रे पाठवली आणि माहितीपत्रकातला दावा कोणत्या पेशींवर, किती वेळाने मोजला होता असे विचारले. दीड महिन्याने उत्तर आले की मोजणी प्लेटलेटवर, ओल्या केल्यानंतर अर्ध्या तासाने केली होती आणि पुढील आवृत्तीत योग्य ती दुरुस्ती करण्यात येईल. नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात हाती पडली. अळीचे चित्र काढून त्या जागी फायब्रोब्लास्टचे चित्र घातले आहे; खालचे वाक्य तेच आहे.